डोकं कुठंही टेकवायचं नाही

११ जून, मंगळवार

ही वही नेझाकेतताईनं दिली. म्हणाली, "बुन्यामिन, रोज लिहायचं. रक्त किती, सूज कुठं, खाज किती, झोपलास कसा. दहा दिवसांनी मला दाखवायची. तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही, तू 'ठीक आहे ठीक आहे' म्हणत मरशील." आठवीत शाळा सोडली तेव्हापासून सलग काही लिहिलेलं नाही. हात भरून येतो. पण डोकं त्याहून जास्त ठणकतंय, म्हणून लिहितो.

तर आज माझं झालं. केसांची दोन हजार सहाशे मुळं डोक्याच्या मागून काढली, पुढं लावली. दोन वर्षं केस लावायच्या या दवाखान्यात चहा फिरवतोय, शेकड्यानं डोकी बघितली, पण स्वतः खुर्चीत बसल्यावर कळलं. भुलीच्या सुया कपाळात शिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. परदेशी लोक तेवढ्यात फोनवर फुटबॉल कसा बघतात देव जाणे.

हे सगळं तुंजाय साहेबांच्या मर्जीनं. साहेब मालक आहेत. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "टकल्याजवळ मलम असतं तर आधी स्वतःच्या डोक्याला लावलं असतं, अशी आपल्यात म्हण आहे. ती म्हण माझ्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी आहे!" सगळे हसले. मीही हसलो. सव्विसाव्या वर्षी कपाळ टाळूपर्यंत गेलंय, हसू नको तर काय करू? मग साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "उगवू दे. उगवलं की तुझा ट्रे काढून घेतो आणि हातात चिमटा देतो. ताईच्या हाताखाली शीक." चिमटा! मुळं लावायचं काम! हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

डॉक्टर आले, निळ्या पेनानं कपाळावर रेघ मारून गेले. बाकी सगळं ताईनं केलं. ती कायसेरीकडची, लहानपणापासून गालिचे विणलेली. तिची बोटं मुळं लावत नाहीत, गाठी मारतात. पण मधेच तिला बाजूच्या खोलीत बोलावलं, तिथं एका परदेशी माणसाचं रक्त थांबत नव्हतं. माझी पुढच्या ओळीची मुळं बशीत, मिठाच्या पाण्यात तशीच. किती वेळ गेला कळलं नाही. परतली ती साहेबांवर ओरडतच, "दिवसाला चार डोकी घेऊ नका, किती वेळा सांगू? हे काय कांद्याचे वाफे आहेत?"

साहेब म्हणाले, "नेझाकेत, पेशंटसमोर नको."

"हा पेशंट नाही. हा बुन्यामिन आहे."

मग माझ्याकडे वळली आणि पाठ करून घेतलं: दहा दिवस डोकं कुठंही टेकवायचं नाही. उशीवर नाही, भिंतीला नाही, नमाजात जमिनीला नाही. "अल्ला माफ करतो. मुळं करत नाहीत."

१२ जून, बुधवार

बसल्या बसल्या झोपलो, मानेला गोल उशी लावून. मागून पाझरलं, पुढं काही नाही. कपाळ सुजून भुवयांवर आलंय. माझ्या खोलीत राहणारा एर्दिंच दवाखान्यात दुभाष्या आहे. म्हणतो, "लेका, तू आता माणूस कमी आणि पेरणी जास्त दिसतोस."

दुपारी नुर्तेनचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन. म्हणाली, "बाबा म्हणाले, ईदला येतोय का तो?"

मी विचारलं, "असं म्हणाले? स्वतः?"

"स्वतः. गोठ्यात, माझ्याकडे पाठ करून."

दोन वर्षं बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. गवत उभं असताना मी न विचारता इस्तंबूलला पळून आलो, तेव्हापासून. फोनवरसुद्धा नाही.

१३ जून, गुरुवार

पहिलं धुणं. ताईनं फेस लावला, कोमट पाणी सोडलं, बोट लावलं नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ईदच्या सुट्टीत कुठं गेलं तर?

"कुठं?"

"कुठं नाही. असंच."

"असंच पण नाही. बस नाही, ऊन नाही, गर्दी नाही. खोलीत बसायचं आणि अर्ध्या तासानं मिठाचं पाणी फवारायचं."

हो म्हणालो. तिकीट खिशात होतं.

१५ जून, शनिवार. गावी

बावीस तास बस. पूर्ण रस्ता ताठ बसलो, शेजारचा म्हातारा म्हणाला, "पोरा, तुला काय सुळी दिलंय?" अर्ध्या अर्ध्या तासानं बाटलीतून फवारत होतो. एक मूळ पडलं नाही. दवाखान्याची सैल टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. घरी सांगितलं, तिकडं सगळे अशाच घालतात. नुर्तेन म्हणाली, "शेळीवाल्या बाईसारखा दिसतोस."

बाबा दूध काढत होते. त्यांचं उजव्या हाताचं मधलं बोट मी लहान असताना गवत कापायच्या यंत्रात गेलं, पार मुळापासून. तेव्हापासून चारच बोटांनी काढतात, तरी धार कशी सरळ. माझ्याकडे बघितलं आणि बादली पुढं सरकवली. मी उचलली. एवढंच झालं. पण झालं.

१६ जून, रविवार. कुर्बानीची ईद

सगळं नीट निभावलं, सविस्तर लिहितो म्हणजे ताईला दाखवता येईल. (नाही दाखवता येणार, गावी आलोय हे कळेल. तरी लिहितो.)

नमाजाला गुडघा दुखतो म्हणून मागं खुर्चीवर बसलो, म्हाताऱ्यांच्या रांगेत. सगळे सजद्यात जमिनीवर कपाळ टेकत होते, मी एकटा ताठ. नमाज संपल्यावर इमाम वळून बघत होते. बघू देत. डोकं टेकवलं नाही म्हणजे नाही. ताईचा शब्द पाळला.

मग घरी. अंगणात बाबा उभे राहिले, आणि आम्ही रांगेनं. नुर्तेन आधी, तिचा नवरा, मग मी. मला वाटलं माझी पाळी आली की तोंड फिरवतील. नाही फिरवलं. हात पुढं केला. मी तो हात धरला, चुंबला, आणि कपाळाला लावला. आणि मग बाबांनी तो काढून घेतलाच नाही. तसाच ठेवला, दाबून, टोपीवरून. वरून त्यांचा आवाज आला, "आलास." मी म्हटलं, "आलो." हात अजून तिथंच. दोन वर्षांचं सगळं त्यांनी त्या हातानं माझ्या डोक्यात दाबून बसवलं असं वाटलं. मी रडलो. बाबा म्हणाले, "बैल धरायला चल, रडतोस काय."

बैल कापला. मांस वाटलं. टोपी मागं सरकली असेल, कारण नुर्तेन म्हणाली, "तुझ्या कपाळावर रक्त आहे, कुणी लावलं?" कुर्बानीचं रक्त मुलांच्या कपाळाला लावतातच आमच्यात. बाबा म्हणाले, "असू दे, बरकत असते." सगळे आपापल्या कामाला लागले. मी मोरीत जाऊन टोपी काढली. कुर्बानीचं नव्हतं. टोपीच्या आत तीन डाग, एक इकडं, दोन तिकडं, ओले. कपाळावरून पातळ धार.

मोरीतूनच ताईला फोन केला.

"किती?"

"धार आहे. बारीक."

"पुसू नकोस. स्वच्छ कापड मिठाच्या पाण्यात भिजव, पीळ, नुसतं ठेव, हलकं दाब, दहा मिनिटं. घासायचं नाही. ताठ बस. गोळी कुठलीही घेऊ नकोस. कुठं लागलं का?"

"नाही."

"टेकवलंस कुठं?"

"ताई, नमाजातसुद्धा टेकवलं नाही!"

"शाबास. खोलीवरच आहेस ना?"

"खोलीवरच."

मागं बैलाचं कातडं ओढत होते, लोक ओरडत होते. तिनं काही विचारलं नाही. वीस मिनिटांत थांबलं. उन्हानं झालं असणार, नाहीतर बैल धरताना रक्त चढलं. किंवा पुढची ती मुळं, बशीत ताटकळलेली.

२१ जून, शुक्रवार

परत आलो. खपल्या धुवून काढल्या. ताईनं भिंग लावून पुढच्या बाजूला बराच वेळ बघितलं. "इथं लाल का आहे?" म्हटलं, तिथूनच रक्त आलेलं. "हं. वही आण उद्या." उद्या आणतो म्हटलं. वहीत बस आहे, गाव आहे, बैल आहे. कशी आणू?

४ जुलै, गुरुवार

केस गळायला लागले. लावलेले! मूठभर, टॉवेलवर. मला माहीत आहे, सगळ्यांचे तिसऱ्या आठवड्यात गळतात, मूळ आत राहतं, मग चौथ्या महिन्यात उगवतं. मी स्वतः परदेश्यांना चहा देताना खुणेनं सांगतो, घाबरू नका, परत येतील. आता समजलं ते माझ्याकडे तसे का बघायचे.

२० ऑक्टोबर, रविवार

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं डोक्यावर काही नव्हतं.

आता आहे. टाळूवर आलेत, बारीक पण काळे. पुढं डाव्या कपाळावर मात्र नाही. एक लांबट पट्टा बोडका, मग केसांचा एक उभा झुबका, मग दोन पट्टे बोडके. एर्दिंच म्हणतो, "कुणीतरी तुझ्या कपाळावर काटा ओढल्यासारखं दिसतंय, जेवायचा काटा." मी त्याला चप्पल मारली.

ताईनं भिंग लावलं. मग म्हणाली, "हे मला समजत नाही. एकाच बशीतली मुळं, एकाच हातानं लावलेली. मेली असती तर ओळच्या ओळ मेली असती. मधली जगतात आणि शेजारची मरतात, असं होत नाही. बाळा, खरं सांग, टेकवलंस कुठं?"

"ताई, शपथ घेतो. सजदासुद्धा केला नाही."

माझ्याकडे बघत राहिली. "मग माझीच चूक असेल," म्हणाली. "तेव्हा उशीर झाला होता. बशी फार वेळ राहिली."

मला वाईट वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी आत बोलावलं. टोपी काढायला लावली. दारात उभं राहून नाही, टेबलाजवळ, दिव्याखाली. फोटो काढले.

"हे काय आहे, बुन्यामिन?"

"उगवलं नाही साहेब, पुढं."

"ते मला दिसतंय. आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतंय. टक्कल बरं होतं रे. टक्कल देवानं केलेलं असतं. हे आमच्या दवाखान्यानं केलेलं दिसतं."

उद्यापासून चहा मागच्या खोल्यांत. दारात नाही. चिमट्याचं विचारायची हिंमत झाली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

कुठल्या कुठल्या देशांतून तीन-चार पेशंटांच्या तक्रारी आल्यात. रक्त आलं, उगवलं नाही, डाग राहिले. आरोग्य खात्यातून पत्रही आलंय. दवाखान्यात सगळे हळू बोलतात. ताई तेवढी मोठ्यानं बोलते. "चार डोकी घ्याल तर असंच होणार. लिहून देते मी त्यांना, सही करून."

दुपारी साहेबांनी बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. माझ्यासाठी चहा मागवला! दुसऱ्या पोरानं आणून दिला, माझ्याकडे बघून हसला.

"तुझं डोकं कुणी केलं?"

"ताईनं."

"काम मधे टाकून गेली होती?"

"गेली होती. पण तिला बोलावलं होतं साहेब, ते रक्त..."

"मी विचारतो तेवढं सांग. बशी किती वेळ पडून होती?"

"बराच वेळ."

"आणि तू काही चूक केलीस? टेकवलंस? घासलंस?"

"नाही."

"बस. हेच. यात खोटं काय आहे?"

कागद टाइप केलेला होता. मी वाचला, मला वाचायला वेळ लागतो, साहेब थांबले. हात थरथरतो असंही लिहिलं होतं. म्हटलं, ताईचा हात थरथरत नाही. साहेबांनी ती ओळ पेनानं खोडली, माझ्यासमोर. "बघ, मी खोटं लिहून घेणारा माणूस नाही." मग म्हणाले, एप्रिलमध्ये तुझं पुढचं पुन्हा करून देतो, बाहेरून चांगला माणूस बोलावून. आणि उद्यापासून चिमटा. उद्यापासून.

सही केली. यात खोटं खरंच काही नाही. मी तीनदा वाचला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई गेली. म्हणजे काढली. आठ एप्रिलला चौकशी समितीपुढं तिची सुनावणी आहे, तिथं ठरेल तिला हे काम परत कुठं करता येईल की नाही. तोपर्यंत कुठलाच दवाखाना दारात उभं करणार नाही.

आपलं भिंग तेवढं तिनं पिशवीत टाकलं. माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू वही आणलीच नाहीस शेवटी."

"हरवली ताई."

"हं. चिमटा घट्ट धरतोस तू. अंड्यासारखा धरायचा. हातांना बळ लाभो तुझ्या."

आमच्यात काम करणाऱ्याला हे म्हणतातच, जाता येता. पण मी दिवसभर हात धूत होतो.

९ मार्च, रविवार

आज पाच मुळं लावली, सरावाच्या कातड्यावर. अंड्यासारखा धरला. लागली सरळ. ताईच्या जागी आलेल्या नव्या माणसानं पाठ थोपटली, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, बघून बघून.

रोजा आहे, पोटात काही नाही, त्यामुळे आत जे सलतंय ते जास्त सलतं. एर्दिंच म्हणाला ताई चादिरजिलार रस्त्यावर एका गालिचे सांधायच्या दुकानात बसते. मी म्हटलं, चांगलं आहे की, तिचं मूळचं काम. एर्दिंच म्हणाला, "हो. तू लिहून दिल्यावर मिळालेलं." आज त्याच्याशी बोललो नाही.

३० मार्च, रविवार. गावी. रमजानची ईद

काय लिहू. लिहितो.

या वेळी टोपी नव्हती. लपवायला उरलंय काय? बाबांनी काल बघितलं, विचारलं, "कपाळाला काय झालं, कुत्र्यानं चाटलं का?" मी सगळं सांगितलं, दवाखाना, मुळं, सगळं. बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "माझे वडील टकले होते. त्यांना कुणी टकला म्हटलं नाही, त्यांच्याजवळ चाळीस मेंढ्या होत्या." नुर्तेन एवढी हसली की बाहेर गेली.

सकाळी नमाज. सजदा केला, मनसोक्त. मग अंगण. नुर्तेन, तिचा नवरा, मी. बाबांनी हात पुढं केला. धरला, चुंबला, कपाळाला लावला.

आणि केसांचा तो झुबका बाबांच्या बोटांमधून वर आला.

मधलं बोट नाही ना. तिथं जागा आहे. त्या जागेत झुबका बरोबर बसला, जसा खाचेत खुंटा. एका बाजूला पहिलं बोट, बोडक्या पट्ट्यावर. दुसऱ्या बाजूला दोन बोटं, दोन बोडक्या पट्ट्यांवर. कुठं सरकवायची गरज नाही. ठसाच.

मी हात सोडेना. बाबा म्हणाले, "काय रे? सोड की. लोक थांबलेत." मला ऐकू येत होतं, पण सोडवत नव्हतं. मोजत होतो. एक, मग जागा, मग दोन. टोपीतले डाग. एक इकडं, दोन तिकडं.

वही सोबत आणली होती. गोठ्यात जाऊन सोळा जूनचं पान काढलं. सगळं तिथं होतं. माझ्याच हातानं लिहिलेलं. "आणि मग बाबांनी तो काढून घेतलाच नाही." मी हे लिहिलं होतं आणि मग खाली लिहिलं होतं, उन्हानं झालं असणार.

ताईनं विचारलं टेकवलंस कुठं, आणि मी म्हटलं सजदासुद्धा केला नाही. तिला मी खोटं बोललो नाही, तेच तर वाईट आहे. हात कपाळाला लावणं म्हणजे डोकं टेकवणं असं कुणाच्या मनात येतं? श्वास घेतला का असं विचारल्यासारखं आहे ते.

बाबा आले. विचारलं, "रडतोस काय ईदच्या दिवशी?" मी सांगितलं. तुमच्या हातानं झालं हे मात्र सांगितलं नाही. म्हटलं, एका बाईवर माझ्यामुळे आळ आलाय, आणि चूक तिची नव्हती.

बाबा म्हणाले, "मग जाऊन सांग."

"सांगितलं तर काम जाईल. कपाळ असंच राहील."

"मला चार बोटं आहेत," बाबा म्हणाले, आणि बादली उचलून गाईकडे गेले.

३ एप्रिल, गुरुवार

साहेब म्हणाले, दहा तारखेला तुझं पुढचं करतो, आणि आठला फक्त येऊन बसायचं, विचारलं तर कागदात आहे तेच सांगायचं. मी हो म्हटलं. खरं सांगतो, हो म्हणताना मनात तसंच होतं. कागदात खोटं नाही. बशी पडून होती. तिनं स्वतः म्हटलं होतं माझीच चूक असेल. आणि त्या परदेश्यांचं काय, त्यांनी कुठं बाबांचे हात कपाळाला लावले होते? त्यांची चूक कुणाची तरी असेलच ना? मग दिवसाला चार डोकी घेणाऱ्याची. मग जिनं चार घेऊ नका म्हणून सांगितलं तिच्यावर का?

हे सगळं डोक्यात फिरतं, आणि आज सरावाच्या कातड्यावर एक मूळ सरळ लागलं नाही.

आरशात बघितलं. आता मला पट्टे दिसत नाहीत, बाबांची बोटं दिसतात. हे भरून काढायचं दहा तारखेला.

८ एप्रिल, मंगळवार

समितीच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहितोय. अजून आत बोलावलं नाही. साहेब खाली वकिलाशी बोलताहेत, मी लवकर आलो.

ताई आधीच आली होती. समोरच्या बाकावर, हातात पिशवी, बोटांना लोकरीचा रंग लागलेला, लाल. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्यापुढं जाऊन वही धरली.

"हरवली होती ना?"

"नव्हती हरवली. सोळा जून आधी वाच."

पिशवीतून भिंग काढलं. चष्मा नाही, तेच भिंग, डोक्याला लावायचं. कचेरीतले लोक बघायला लागले. माझं अक्षर वाईट, तिला वेळ लागला. बस आली, बैल आला. मग तिची बोट फिरवायची गती मंदावली. त्या ओळीवर आली असणार. मग तिनं भिंग वर सरकवलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं, आधी नुसतं, मग पुन्हा भिंग खाली ओढून.

"बाबांना कुठलं बोट नाही?"

"मधलं."

"उजव्या हाताचं."

"हो."

ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी. "सजद्याचं सांगितलं," म्हणाली. "उशीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. ईद पाच दिवसांवर होती आणि हाताचं सांगायचं सुचलं नाही मला. वीस वर्षं झाली हे करतेय. आत गेल्यावर हेही सांगायचं मला, ही चूक माझी."

"ताई, मी सही केली."

"माहीत आहे. कागद मला दाखवला त्यांनी. हात थरथरतो ही ओळ खोडली होती. ती तू खोडायला लावलीस?"

"हो."

"मग एवढं तरी केलंस."

मी वाकलो आणि तिचा हात धरला, माफी मागतात तसा. चुंबला. कपाळाकडे नेताना मधेच थांबलो. सवयीनं भीती वाटली.

"टेकव, टेकव," ताई म्हणाली. "आता खुशाल टेकव. आता तिथं पडायला राहिलंय काय?"

टेकवलं. तिला पाचही बोटं आहेत. मधलं बोट झुबक्यावर आलं, आणि तिनं ते जरासं हलवून बघितलं, मूळ घट्ट आहे का, जसं रोज बघायची तसं.

"हे चांगलं लागलंय," म्हणाली.

जिन्यावर साहेबांचा आवाज येतोय. आतून शिपायानं नाव पुकारलं, माझं. वही ताईच्या मांडीवर होती, एवढं लिहायला मागून घेतली. आता आत घेऊन जातो.